मामा नाकुजा

"साखर काय भाव?"

लॉरीतून उतरून मी अजून पदरही सारखा केला नव्हता, तोच समोर उभ्या असलेल्या म्हातारीनं विचारलं. बोटीवर आणि मग डोडोमा गावात महिनाभर जेवढी स्वाहिली शिकले होते, तेवढ्यात हा प्रश्न मला समजला. परक्या भाषेतलं पहिलं वाक्य समजलं म्हणून मला आनंदच झाला.

"माझ्याकडं साखर नाही, आजी."

"मग मीठ?"

"मीठही नाही. माझं दुकान नाहीये."

म्हातारीनं माझ्याकडं पायांपासून केसांपर्यंत पाहिलं. चपला, पांढरी साडी, अंबाडा, हातातली पत्र्याची ट्रंक.

"तू हिंदुस्थानची ना?"

"हो."

"आणि दुकान नाही?"

"नाही."

"मग आलीस कशाला?"

"प्रभू येशूची सुवार्ता सांगायला."

"ती आम्हाला सांगून झालीये," म्हातारी म्हणाली. "साखर नाहीये." आणि ती पाठ फिरवून चालू लागली.

तिचं नाव सेचेलेला. तिकडं आजीला 'बीबी' म्हणतात, म्हणून सगळं गाव तिला बीबी सेचेलेला म्हणायचं.

या गोष्टीला साठ वर्षं होऊन गेली. टांगानिका तेव्हा नुकतंच स्वतंत्र झालं होतं, त्याचं टांझानिया अजून व्हायचं होतं. मी चोवीस वर्षांची, नगरची एस्तेर लोखंडे. वडील राहुरीजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर, आणि रविवारी तेच उपदेशक. मिशनरी म्हणजे आपल्याकडं येणारा गोरा माणूस, एवढंच आमच्या मंडळीला माहीत. आपल्यातलीच एक पोर मिशनरी होऊन दुसऱ्या मुलखाला निघाली, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की निरोपाच्या दिवशी पाळकसाहेबांनी माझ्या बोटीसाठी, बोटीच्या कप्तानासाठी आणि समुद्रातल्या वाऱ्यांसाठी वेगवेगळी प्रार्थना केली. तोवर चहा पार निवून गेला होता.

चिसेरा हे गाव डोडोमापासून लॉरीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. लॉरीतून पहिल्यांदा गाव दिसलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तांबडी माती, काटेरी बाभळी, नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून पाणी काढणाऱ्या बायका. सपाट मातीच्या छपरांची बुटकी घरं, थेट आमच्याकडच्या धाब्याच्या घरांसारखी, आणि धाब्यांवर बाजरीची कणसं वाळत पडलेली. मधूनच एखादी गोरखचिंच, हत्तीएवढ्या बुंध्याची. एवढा समुद्र ओलांडून देवानं मला परत नगर जिल्ह्यातच आणून सोडलं होतं.

तिथं माझ्या वरच्या बाई होत्या मिस अ‍ॅडकॉक. ऑस्ट्रेलियाच्या, पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या. त्या दवाखाना चालवायच्या. बोलणं तुटक, चालणं तुटक. जेवायला बसायच्या तेसुद्धा गाडी चुकायची असल्यासारख्या. माझ्याकडं त्यांनी बायकांचा वाचनवर्ग सोपवला. त्यासाठी पत्र्याची एक खोली होती. खोलीत बाकं, बाकांवर नव्या कोऱ्या पाट्या आणि दाराशी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो घण मारून वाजवला की वर्ग सुरू झाला असं समजायचं.

मी रोज तो वाजवत होते. रोज एकटी युदिथी येत होती.

युदिथी ही तिथल्या उपदेशकाची बायको. माझ्याच वयाची, गोल चेहऱ्याची, सतत हसू दाबत असल्यासारखी. ती पहिल्या बाकावर बसायची, मी फळ्यावर लिहिलेलं घडाघडा वाचून दाखवायची आणि मग आम्ही दोघी दाराकडं बघत बसायचो.

असे तीन महिने गेल्यावर एका दुपारी चहा पिताना मिस अ‍ॅडकॉक म्हणाल्या, "एस्तेर, पावसाच्या आधी कॅनन येरेमिया येतायत. एकदा पाऊस लागला की रस्ता राहत नाही."

कॅनन येरेमिया म्हणजे त्या भागातले मोठे पाळक. तिथल्याच गोगो समाजातले. कुणाची नेमणूक कुठं करायची हे कमिटीत त्यांच्या शब्दानं ठरायचं.

"तुला डोडोमाला न्यायचं कमिटीच्या मनात आहे," त्या म्हणाल्या. "तिथल्या शाळेत. आपल्या लोकांत तू जास्त उपयोगी पडशील."

"माझे लोक? डोडोमात?"

"दुकानदार आहेत की, हिंदुस्थानी."

"मिस अ‍ॅडकॉक, ते गुजराती आहेत. त्यांचं बोलणं मला कळत नाही, माझं त्यांना कळत नाही."

"असं? माझा भूगोल कच्चा आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "पण गणित बरं आहे. वर्गात किती बायका येतात?"

"युदिथी येते."

"युदिथीला मीच वाचायला शिकवलंय."

"हो. ती सोबत म्हणून येते."

मिस अ‍ॅडकॉक हसल्या नाहीत. "हे बघ, मुली. मला तू इथं हवी आहेस. इतक्या वर्षांनी संध्याकाळी बोलायला कुणीतरी मिळालंय. कॅनन येतील त्या दिवशी त्या बाकांवर बायका बसलेल्या दिसल्या, तर मी म्हणेन, हिला राहू द्या. नाही दिसल्या, तर मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

मला तिथून जायचं नव्हतं. आज वाटतं, आयुष्यात कुठल्या जागेवर इतक्या लवकर जीव जडला नसेल. सकाळी झिऱ्यावर बायकांबरोबर पाण्याला जायचं, दुपारी कुणाच्या तरी अंगणात उखळात बाजरी कांडायची. मुसळ मला येत होतं. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालायचो. माझा ठेका चुकला नाही की बायका 'ए ए ए' करून ओरडायच्या. पोरं माझ्या साडीचा काठ हातात धरून माझ्यामागं गावभर फिरायची.

म्हणून मी ठरवलं, घरोघर जायचं. बायका घंटेला येत नाहीत, तर मग आपणच त्यांच्याकडं जाऊ. आमच्याकडं सुवार्तिक बाया हेच करायच्या. दारात बसायचं, चौकशी करायची, पोराचं नाक पुसायचं, मग एक गोष्ट सांगायची. रोज मी दोन-तीन घरी जाई. प्रत्येक घरी माझं स्वागत व्हायचं. बसायला तीन पायांचं लाकडी स्टूल पुढं यायचं, पेज यायची, पोर मांडीवर यायचं. 'वर्गाला या' म्हटलं की सगळ्या 'हो हो' म्हणायच्या. निघताना मी हात जोडून, प्रत्येकीच्या डोळ्यांत बघून, माझ्या उत्तम स्वाहिलीत म्हणायचे, "नाकुजा, मामा." येते हं, आई.

'मामा' म्हणजे तिकडं आई. सुरुवातीला मला जड गेलं. मोठ्या भावाची पोरं हे ऐकतील तर हसून लोळतील असं वाटायचं. पण पुढं मलाच सगळं गाव मामा म्हणायला लागलं. नुसतं मामा नाही, 'मामा नाकुजा'. मी वाटेनं चालले की घराघरांतून हाक यायची, "मामा नाकुजा! मामा नाकुजा!" आणि मागं हशा. मला फार गोड वाटायचं. आई येते! मिस अ‍ॅडकॉकही खूश झाल्या. म्हणाल्या, "मला इतक्या वर्षांत कुणी टोपणनाव दिलं नाही. निदान माझ्या तोंडावर तरी नाही."

पण वर्गाला कुणी येत नव्हतं.

युदिथी म्हणाली, "बीबी सेचेलेला आली, तर सगळ्या येतील. गावात लग्न ठरवायचं तरी तिला विचारतात, आणि मोडायचं तरी तिलाच."

म्हणून मी बीबीच्या घरी रोज जायला लागले. तिचं घर गावात सगळ्यांत मोठं, चौकोनी, मध्ये गुरांचं अंगण, चारी बाजूंना सुनांच्या खोल्या. पहिल्या दिवशी तिनं साखरेचा भाव पुन्हा विचारला. दुसऱ्या दिवशी मी तिच्याच पिठाची भाकरी करून दाखवली. मी पिठाचा गोळा हातावर घेऊन थापायला लागले, तशी बीबीनं सुनांना गप्प केलं आणि स्वतः मान खाली घातली. मला कळेना काय झालं. भाकरी तव्यावर पडल्यावर तिनं हळूच विचारलं, "झाली प्रार्थना?"

"प्रार्थना नाही, बीबी. भाकरी थापत होते."

"टाळ्या कुणासाठी वाजवत होतीस मग?"

ती भाकरी मात्र तिनं खाल्ली. चावत राहिली, चावत राहिली, आणि म्हणाली, "हिला दात पाहिजेत. माझे इतके दिवस उगाच बसून होते." त्या दिवशी निघताना मी अगदी मनापासून म्हणाले, "नाकुजा, बीबी," आणि बीबीनंही मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

पण पुढं काहीतरी बिघडत गेलं. पेज येईनाशी झाली. मग सुना बाहेर येईनाशा झाल्या. बीबी बोलायची, पण माझ्याकडं न बघता. इतर घरांतही तसंच. हाका आणि हशा वाढत चालले होते, स्टूल मात्र उशिरा यायचं. मी युदिथीला विचारलं, "माझं काही चुकतंय का?" तिनं अंगावरच्या कांग्याचा, म्हणजे तिकडच्या रंगीत छापील वस्त्राचा, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आमची माणसं पाहुण्याला चुका सांगत नाहीत."

कॅनन येरेमिया यायला चार-सहा दिवस उरले असतील. त्या सकाळी मी बीबीकडं गेले, तर अंगणात स्टूलच नव्हतं. बीबी जमिनीवर बसून सुपात बाजरी पाखडत होती. वर बघितलंसुद्धा नाही. तिच्यामागची कणगी जवळजवळ रिकामी होती. नवं पीक यायला अजून पुष्कळ अवकाश होता. मी थोडा वेळ उभी राहिले, मग हात जोडले.

"नाकुजा, बीबी."

बीबीनं सूप खाली ठेवलं.

"कधी?"

"काय कधी?"

"कधी येणार?"

"उद्या येईन. नाहीतर परवा."

"आत्ता काय म्हणालीस तू?"

"नाकुजा."

"मग चाललीस कुठं?"

"घरी."

"म्हणजे येत नाहीयेस."

"नाही... म्हणजे... जातेय."

"ऐका!" बीबी आतल्या सुनांना ओरडून म्हणाली. "बाहेर या गं सगळ्या! हिला 'जातेय' शब्द येतो! आत्ता माझ्यासमोर म्हणाली!"

सुना धावत बाहेर आल्या. मी मध्ये उभी.

"मुली," बीबी म्हणाली, "पोरगा शेळीमागं जातो, तो 'नाकुजा' म्हणून जातो. दूध तापायच्या आत परत येतो. शेजारीण विस्तव न्यायला जाते, ती 'नाकुजा' म्हणते आणि येते. 'नाकुजा' म्हणून गेलेल्या माणसासाठी आम्ही चूल विझवत नाही, दार ओढत नाही, त्याच्या वाटची पेज दुसऱ्याला देत नाही. पहिल्या दिवशी तू 'नाकुजा' म्हणालीस. ही सून अंधार पडेपर्यंत दारात उभी होती. मी म्हटलं, वाट चुकली असेल. दुसऱ्या दिवशी भाकरी केलीस, पुन्हा 'नाकुजा' म्हणून गेलीस; म्हटलं, वाटेत काही काम निघालं. तिसऱ्या दिवशी ही धाकटी म्हणाली, बीबी, ती थापा मारते. मी तिच्यावर ओरडले. मग झिऱ्यावर विचारलं, तर घरोघर तेच! सगळ्या गावाला तू 'येते' म्हणून गेलीस आणि त्या दिवशी कुणाकडंच परत आली नाहीस. सगळ्या गावानं तुझ्यासाठी विस्तव ठेवला. बाजरी किती उरलीये बघतेस ना?"

मग मला त्या हाका समजल्या. मामा नाकुजा. 'येते-येते बाई'.

माझे कान तापले. मी जमिनीवरच बसले आणि जमेल तसं सांगायला लागले.

"बीबी, आमच्याकडं निघताना 'जाते' म्हणत नाहीत."

"का? तुम्हाला पाय नाहीत?"

"वाईट मानतात. 'गेला' म्हणजे मेला. म्हणून जाणारी 'येते' म्हणते."

"आणि येणारी?"

"ती 'आले' म्हणते."

"म्हणजे जातानाही येता, येतानाही येता." बीबीनं सुनांकडं बघितलं. "मग तिकडं कुणी जातच नाही? तरीच इतके दुकानदार सगळीकडं."

सुना हसल्या. बीबी हसली नाही.

"आणि जिला परत यायचंच नसतं ती?"

"तीही 'येते'च म्हणते."

"मग मागं राहिलेल्या माणसाला कळायचं कसं?"

नगरच्या स्टेशनवर गाडी हलताना मी खिडकीतून ओरडले होते, "जाते गं आई!" आई गाडीबरोबर चालत होती. आमच्या घरी शुभ-अशुभ काही मानत नव्हते. वडील तर त्यावर उपदेश करायचे. तरी आईनं खिडकीचा गज धरून ठेवला आणि म्हणाली, "आसं म्हनू नको माझी बाय. येते म्हन." मी म्हणाले तेव्हा तिनं गज सोडला.

हे मी बीबीला सांगितलं. तोडक्यामोडक्या स्वाहिलीत सांगितलं. 'गज' कसं म्हणायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून हातानं धरून दाखवलं.

"तुझी आई आता काय करते?" बीबीनं विचारलं.

"वाट बघते."

बीबीनं सूप परत उचललं. बराच वेळ बाजरीचा सळसळ आवाज होत राहिला.

"घरी जा, मुली," ती शेवटी म्हणाली. "ऊन चढलंय."

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारातून निघताना 'नाएंडा' म्हणाले. जाते. तोंडात खडा आल्यासारखं वाटलं.

मिस अ‍ॅडकॉकना हे सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि मी ते नाव रोज ऐकत होते! मला वाटलं, तू सारखी येतेस म्हणून." मग गंभीर झाल्या. "पण कॅननना हे सांगून काय होणार? बाकं रिकामीच आहेत."

"मी घरोघर जाऊन माफी मागते."

"आता नको. आता गेलीस तर म्हणतील, वर्गासाठी आली. ट्रंक भर, एस्तेर. मला फार वाईट वाटतंय. डोडोमा काही जगाच्या टोकाला नाही."

कॅनन येरेमिया ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आले. डोंगराकडं ढग दिसायला लागले होते. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचे, अंगात खाकी कोट. लँडरोव्हरमधून उतरल्या उतरल्या त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "चला, आधी वर्ग बघू."

मी रुळाचा तुकडा वाजवला. युदिथी आली. पहिल्या बाकावर बसली. पत्रा उन्हानं तडतडत होता. कॅननसाहेबांनी टोपीनं वारा घेतला, रिकाम्या बाकांकडं पाहिलं, मग युदिथीकडं पाहिलं.

"तुझ्या लग्नात तू रजिस्टरवर सही केली होतीस," ते म्हणाले. "मीच लग्न लावलं होतं."

"हो, कॅनन."

"छान. वाचायला शिकतेस?"

युदिथीनं मान खाली घातली. मी तर घातलेलीच होती.

ते कठोर माणूस नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तू मेहनत केलीस हे मला मिस अ‍ॅडकॉकनी सांगितलंय. पण प्रत्येक बी प्रत्येक मातीत रुजत नाही. डोडोमात तुझी गरज आहे. आजच निघू, ढग बरे दिसत नाहीत."

माझी ट्रंक लँडरोव्हरमध्ये चढली. मिस अ‍ॅडकॉकनी मला घट्ट मिठी मारली आणि लगेच सोडून औषधाच्या कपाटाकडं निघून गेल्या. मी पुढच्या सीटवर बसले.

तेवढ्यात वाटेवर धूळ दिसली. बायका येत होत्या. काहींच्या पाठीला पोरं, काहींच्या हातात मुसळं तशीच. सगळ्यांत पुढं बीबी सेचेलेला, काठी टेकत. ती सरळ लँडरोव्हरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"येरेमिया, हिला कुठं नेतोस?"

कॅननसाहेब खाली उतरले. टोपी काढली. "डोडोमाला, बीबी. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. हिला नेता येणार नाही."

"का?"

"ही माझ्या घरी यायचीये. 'नाकुजा' म्हणून गेलीये. अजून आली नाही."

"माझ्याकडंही!" मागून एक ओरडली.

"माझ्याकडं दोनदा म्हणालीये!"

"माझ्या सासूला म्हणालीये. सासू मेली, पण शब्द आहेच!"

कॅननसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कसंबसं सांगितलं. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्यांनी चेहरा सावरला.

"बीबी, ही भाषेतली चूक आहे. हिच्या देशात जाताना तसं म्हणतात. तिला तसं म्हणायचं नव्हतं."

"ते मला माहितीये. तिनं मला समजावलंय, आणि मी या सगळ्यांना. चूक तिची. पण शब्द माझ्या अंगणात पडलाय. तो कुणी उचलायचा?"

"पण बीबी, इतक्या महिन्यांत तुमच्यातली एकही वर्गाला आली नाही."

"त्या पत्र्याखाली? भर दुपारी? तू बस तिथं, तुझी पोळी होईल. आणि बाजरी कांडायला तुझी कमिटी येणार का?"

"बीबी..."

"येरेमिया," बीबी काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "लहानपणी तुझ्या शेळ्या माझ्या बाजरीत शिरायच्या. तेव्हा मी तुला मारलं नाही. आता एक विचारते, त्याचं उत्तर दे. मागच्या साली त्या झाडाखाली तू उपदेश केलास. मी लांब बसले होते, पण कान बरे आहेत माझे. तू म्हणालास, तुमचा प्रभू जाताना म्हणाला, मी लवकर येतो. म्हणालास की नाही?"

"म्हणालो."

"किती पाऊसकाळ झाले त्याला?"

कॅननसाहेबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"तुझ्या बापाच्या बापाच्याही आधीचं, असं तूच म्हणालास. मग तुम्ही त्याचं स्टूल उचलून ठेवलंत का? चूल विझवलीत? त्याला म्हणालात, तू थापा मारतोस?"

कुणी हसलं नाही. औषधाच्या कपाटाकडं गेलेल्या मिस अ‍ॅडकॉक दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"नाही, बीबी," कॅनन येरेमिया हळूच म्हणाले. "आम्ही वाट बघतो."

"मग आम्ही का नाही बघायची?"

कॅननसाहेबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग मागं वळले.

"मिस अ‍ॅडकॉक, ट्रंक खाली घ्या."

"आणि कमिटीला काय सांगायचं?"

"सांगा, बाई कामात आहे."

"कसल्या?"

"यायच्या."

तेव्हा मात्र सगळ्या हसल्या. बीबीही हसली, आणि तिचे ते इतके दिवस उगाच बसून असलेले दात मी पहिल्यांदा पाहिले. जाताना कॅननसाहेब मला म्हणाले, "सगळ्यांकडं जाऊन झालं की कळव. मग डोडोमाचं बघू." ते जाऊन झालं नाही. मी चिसेरात एकोणीस वर्षं राहिले. सवयीनं जीभ घसरायची आणि पुन्हा कुणाला तरी 'नाकुजा' म्हणून बसायचे. ती बाई लगेच बोट दाखवायची, म्हणाली, म्हणाली! मधे रजेवर तीनदा घरी येऊन गेले. आईनं तिन्ही वेळा पुरणपोळ्या केल्या.

पण त्या पहिल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. ट्रंक उतरवून बायका निघाल्या, तेव्हा बीबी जाता जाता म्हणाली होती, "त्या काळ्या पाट्या आण येताना. या पोरी म्हणतात, शिकायचंय. दिवसा वेळ नाही. संध्याकाळी विस्तव असतोच."

सूर्य टेकल्यावर मी पाट्यांचा गठ्ठा घेऊन तिच्या अंगणात पाय ठेवला. युदिथी मदतीला होती, या वेळी खरोखरच्या. अंगणात तीन दगडांच्या चुलीभोवती बायका बसल्या होत्या, दहा असतील नाहीतर पंधरा. मधोमध एक स्टूल रिकामं होतं.

"आलीस?" बीबीनं विचारलं.

"आले."

"उशीर केलास. बस."

पहिलं अक्षर मी राखेत काढून दाखवलं. पाटीवर काढायला सगळ्या घाबरत होत्या, फुटेल म्हणून. धाकट्या सुनेनं पहिल्याच दिवशी स्वतःचं नाव ओळखलं आणि इतक्या मोठ्यानं किंचाळली की गुरं उठली. बीबी लांब बसून मुलांना ओरडत होती आणि मधूनच मान वळवून बघत होती. तिला शिकायचं नव्हतं. म्हणाली, "माझं नाव मला ठाऊक आहे."

सगळ्या उठल्यावर मीही उठले. हात जोडले, आणि तोंडातून शब्द निघेना. 'नाकुजा' म्हणायची चोरी, 'नाएंडा' म्हणवेना.

बीबी माझ्याकडं बघत होती. "तुझ्या आईनं शिकवलंय ते म्हण," ती म्हणाली. "तुमच्या भाषेत."

"येते, बीबी."

"यावर मागं राहिलेली काय म्हणते?"

"ती म्हणते, ये."

"ये," बीबीनं तो शब्द चाखून बघितला. "ये. एवढासाच?"

"एवढासाच."

"ये," बीबी म्हणाली, आणि माझ्यासमोरच चुलीपाशी वाकून, उद्यापर्यंत विस्तव राहावा म्हणून, तिनं निखाऱ्यांवर राख ओढली.